उलटा धरला तरी त्रिकोणच

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पत्रेकाम करून निवृत्त झालो. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला, त्यामुळे साडेचार वर्षांचा नातू आणि दीड वर्षाची नात दिवसभर आम्हा दोघांकडेच असतात. नाताळच्या सुट्टीआधी नातवाला शाळेत ‘आकारांतून ख्रिसमस ट्री’ करून न्यायचा आहे. सुनेने कापलेल्या तुकड्यांचा तयार संच मागवला. नातवाने तीन हिरवे त्रिकोण एकाखाली एक चिकटवले, खाली खोडाचा आयत लावला, झालं झाड. एक त्रिकोण उरला होता, तो मी टोक खाली करून धरला आणि विचारलं, हे काय? म्हणाला, “हा त्रिकोण नाहीये, आइस्क्रीमचा कोन आहे.” सरळ केला की लगेच “त्रिकोण!” मग मी एक लांबट, अरुंद त्रिकोण काढून दाखवला तर म्हणे, “हा काटा.” याला आकार कळतच नाहीत का? घरी काय करून घेऊ? त्याला कात्री दिली तर वाकडंतिकडं कापतो, ते मी नीट करून द्यावं का? आणखी एक. कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, आपल्या घरात ख्रिसमस ट्री कशाला? त्यांना काय सांगू?

उत्तर:

काका, नमस्कार.

नातवाला आकार कळत नाहीत ही काळजी आधी सोडा. तो त्याच्या वयाला शोभेल असंच बघतो आहे. उरलेला तुकडा उलटा धरून बघायची बुद्धी तुम्हाला झाली, याचा मला फार आनंद झाला. पाटीवरचा त्रिकोण ओळखला की मुलाला त्रिकोण येतो असं बहुतेक घरांत, आणि बऱ्याच वर्गांतही, धरून चालतात. तुम्ही एका हातासरशी त्याच्या डोक्यातला खरा त्रिकोण बाहेर काढलात.

पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ हे हॉलंडमधलं शिक्षक जोडपं. मुलं भूमिती कोणत्या पायऱ्यांनी शिकतात यावर दोघांनी १९५७ मध्ये आपापले प्रबंध पूर्ण केले. त्यांच्या मांडणीतली पहिली पायरी म्हणजे नुसत्या रूपावरून ओळखणं. या पायरीवरचं मूल बाजू मोजत नाही, कोपरे मोजत नाही. आजवर पाहिलेल्या त्रिकोणांसारखं दिसतंय का, एवढंच ते पाहतं. बाजू आणि कोपरे यांवरून ठरवणं ही त्याच्या पुढची पायरी. वाढदिवसाचा केक कापला म्हणून मूल ती आपोआप चढत नाही. हाताळायला काय मिळालं आणि मोठ्यांनी काय विचारलं, यावर ते अवलंबून असतं.

आता तुमच्या नातवाने आजवर कोणते त्रिकोण पाहिले असतील ते आठवा. भिंतीवरचा तक्ता, चित्रांचं पुस्तक, लाकडी ठोकळ्यांची पेटी, सगळीकडे तिन्ही बाजू सारख्या, पाया आडवा, टोक बरोबर वर. मला या तक्त्यांचा मनापासून राग आहे. एका आकाराचं एकच चित्र वर्षानुवर्षं मुलांसमोर टांगायचं आणि जरा वेगळा त्रिकोण आला की मूल चुकलं म्हणायचं, हा मुलांवर अन्याय आहे. ख्रिसमस ट्रीचा तयार संच हा त्या तक्त्याचाच भाऊ. तिन्ही तुकडे टोक वर करूनच लावायचे, फिरवून बघायची वेळच येत नाही. चिकटवायचा सराव झाला आणि मुलगा खूश झाला, तेवढं चांगलं. आकारांच्या बाबतीत मात्र त्याची आधीची समजूत त्या झाडाने आणखी पक्की केली.

म्हणून झाड करा, पण त्रिकोण फिरू द्या. माझ्या सांगण्यातलं मुख्य एवढंच आहे.

घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच. त्यांचा कागद जाड आणि मुलाच्या हातात टिकणारा असतो. त्यातून तुम्ही स्वतः त्रिकोण कापा, पण एकासारखा दुसरा नको. एक तिन्ही बाजू सारख्या असलेला, एक गुण्या लावून काटकोनातला, एक लांब सुईसारखा, एक एका बाजूला कललेला, एक बुटका आणि पसरट. आयुष्यभर पत्रा मापून कापलेल्या माणसाला हे सांगायला नको, तरीही सांगते, बाजू सरळ आणि कोपरे टोकदार हवेत. सोबत काही तोतयेही कापा. एकाची एक बाजू पोटासारखी फुगलेली, एकाचे कोपरे गोल केलेले, एकाचं टोक छाटलेलं म्हणजे चार कोपऱ्यांचा. एक नुसता कागदावर काढा, दोन बाजू जुळता जुळता राहिलेल्या. हे तोतये फार कामाचे असतात. त्रिकोण काय असतो हे कळायला काय त्रिकोण नसतं तेही समोर यावं लागतं.

मग खेळ मांडा. जमिनीवर हिरव्या दोरीने किंवा आजींच्या जुन्या साडीच्या काठाने झाडाची बाह्यरेषा करा आणि सांगा, या झाडावर फक्त त्रिकोणच बसणार, तोतयांनी खाली बसायचं. त्याने एखादा उचलला की लगेच चूक-बरोबर करू नका. विचारा, “कशावरून म्हणतोस?” सुरुवातीला उत्तर येईल, “दिसतोय ना तसा.” चालेल. मग सांगा, बोट फिरवून बघू. कडेवरून बोट फिरताना कोपरा आला की थांबायचं आणि तिथे टिकली लावायची. आजींच्या टिकल्यांच्या पाकिटातल्या तीन टिकल्या लागल्या की पुढचा प्रश्न, बाजू सरळ आहेत का? मग तुकडा उलटा करा, आडवा करा. टिकल्या तीनच राहतात. हे त्याला त्याच्या बोटांनी कळू दे. तुम्ही सांगून ते कळणार नाही.

आणि “आइस्क्रीमचा कोन” याला नाही म्हणू नका. त्याला साम्य दिसलं, ते खरंच आहे. “हो, कोनासारखाच दिसतोय. टिकल्या लावून बघूया?” एवढं पुरे. “काटा” हाही सुरेख शब्द आहे. काट्याला तीन टिकल्या लागल्या तर काटाही झाडावर बसेल.

वरचा खेळ एकदा होऊन भागत नाही. दोनतीन दिवसांनी तेच तुकडे कापडी पिशवीत घाला आणि न बघता हाताने चाचपून त्रिकोण काढायला सांगा. डोळ्यांची सवय बाजूला पडते आणि कोपरे मोजण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. ठोकळे, कागदाच्या घड्या, कापकाम यांतून लहान मुलांनी शिकावं ही कल्पना शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत आपली बालशाळा काढली तेव्हाची. आपल्या भागात हे काम खऱ्या अर्थाने मातीत उतरवलं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला. दोन्ही गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. विकतचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, आणि मुलांच्या ओळखीचंही नव्हतं. त्यांनी पानं, खडे, शिंपले, बिया हेच साहित्य मानलं. तुमच्या लग्नपत्रिका आणि टिकल्या त्याच वाटेवरच्या आहेत.

बाहेर फिरायला न्याल तेव्हा रस्त्यावरच्या पाट्या दाखवा. पुढे वळण आहे, शाळा आहे अशा सूचनांच्या पाट्या लाल काठाच्या, टोक वर असलेल्या त्रिकोणाच्या असतात. आणि ‘आधी दुसऱ्या वाहनांना जाऊ द्या’ सांगणारी पाटी टोक खाली असलेल्या त्रिकोणाची. ती सापडली की त्याचा आइस्क्रीमचा कोन रस्त्यावर उभा! मात्र हे मागच्या सीटवरून किंवा पदपथावरून. घोडबंदरच्या रहदारीत पाटीकडे बोट दाखवत रस्ता ओलांडायचा नाही.

आता वारली चित्रं घ्या. ठाण्यात भिंतींवर, कापडी पिशव्यांवर, चहाच्या कपांवर ती दिसतात. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा, छातीचा, टोक खाली केलेला, आणि खालचा टोक वर केलेला. तुमच्या नातवाचा ‘त्रिकोण नसलेला त्रिकोण’ तिथे प्रत्येक माणसाच्या अंगावर आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या एखाद्या चित्राचा फोटो मोठा करून नातवाला दाखवा आणि नुसते त्रिकोण शोधायला सांगा. मग तुमच्या कागदी झाडाभोवती अशी माणसं चिकटवा. पांढऱ्या कागदाचे लहान त्रिकोण तुम्ही कापा, जोडायचं काम त्याचं. डोक्याला गोल लागेल, हातपाय स्केचपेनने. एक माणूस करायचा म्हणजे एक त्रिकोण सरळ आणि एक उलटा लावायलाच हवा. पाचसहा माणसं होईपर्यंत “उलटा त्रिकोण दे” असं तो स्वतःच म्हणू लागेल.

याच ठिकाणी तुमच्या कट्ट्यावरच्या मित्रांचं बोलते. त्यांना सांगा, तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च ठाण्यात पोर्तुगीजांच्या काळापासून आहे. नाताळ हा या गावातल्या माणसांचा सण आहे, आणि ती आपली शेजारी माणसं आहेत. नातवाच्या वर्गात नाताळ घरी साजरा करणारं मूल असेल तर त्या मुलाला आपला सण वर्गात आला याचा केवढा आनंद होत असेल! नातवाने विचारलं, हे झाड कुठलं, तर खरं तेच सांगा. जर्मनीकडे थंडीत हिरवी राहणारी सूचिपर्णी झाडं घरात आणून सजवायची प्रथा होती. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं अशा झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि तिथे घरोघर ही प्रथा पसरली. दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील करताना चौकोनांच्या मधे त्रिकोण तयार होतात, ते दाखवायची संधी पुढच्या वर्षी आहेच. एका सणाने दुसऱ्याची जागा जात नाही. या विषयावर मी याहून जास्त वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका.

“पण हे झाड त्रिकोणीच का?” हा प्रश्न मात्र साडेचार वर्षांचं मूल विचारू शकतं, आणि त्याला उत्तर आहे. या झाडांचा मधला शेंडा सरळ वर वाढत राहतो. खालच्या फांद्या वयाने मोठ्या म्हणून लांब, वरच्या नव्या म्हणून आखूड. बर्फ पडला की उतरत्या फांद्यांवरून घसरून जातो. आपल्याकडे बर्फ नाही, पण अशी रूपं आहेत. रोपवाटिकेत कुंडीतलं ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकतात ते अरोकेरिया बघायला न्या. त्याच्या फांद्या मजल्यामजल्यांनी फुटतात. सोसायटीच्या कुंपणालगत उभा असतो तो उंच, खाली झुकलेल्या पानांचा अशोक तर घराखालीच सापडेल. त्याच्याकडे बघून विचारा, याचा त्रिकोण केला तर कसा होईल? लांब आणि अरुंद. म्हणजे त्याचा काटाच! मग एक ख्रिसमस ट्री आणि शेजारी एक अशोक असं चित्र करता येईल. दोन्ही त्रिकोण, पण एकमेकांसारखे नाहीत.

चौकोनांनाही या झाडात जागा आहे. हिरव्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा, लांबी मात्र वेगवेगळी ठेवा. सगळ्यांत लांब खाली, मग तिच्याहून आखूड, असं वरपर्यंत त्याला लावू द्या. एकही त्रिकोण न वापरता त्रिकोणी झाड उभं राहतं. मुलांना याचं फार नवल वाटतं. चौरस घोटीव कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा आणि घडीवर कापा, दोन त्रिकोण मिळतात. ते कापलेल्या बाजूने जोडले की परत चौरस. आखूड बाजू एकमेकींना लावल्या की कधी मोठा त्रिकोण, कधी तिरका चौकोन. हे चिकटवू नका. फरशीवर तसेच सरकवत राहू द्या, कारण डिंक लागला की विचार थांबतो.

वाकड्या कापण्याचं. काका, ते नीट करून देऊ नका. तुमच्या हाताला वाकडी कड खुपत असेल, हे मला समजतं, पण तुम्ही कड सरळ केलीत की नातवाला एवढंच कळतं की त्याचं काम पुरेसं नव्हतं. या वयात सरळ जाड रेघेवर कापणं जमू लागतं. कोपऱ्यावर येऊन वळणं अवघड जातं, कारण तिथे कात्री नव्हे तर दुसऱ्या हाताने कागद फिरवावा लागतो. तेवढं दाखवा: कात्री धरलेल्या हाताचा अंगठा वर, आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. बोथट टोकाची, पण खरोखर कापणारी कात्री द्या. प्लॅस्टिकच्या कात्रीने कागद चुरगळतो आणि मूल वैतागतं. तो डावखुरा असेल तर डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, ती घ्या. पट्ट्यांच्या कडेला झालरीसारखे छोटे छोटे काप देणं ही उत्तम सुरुवात आहे, आणि झाडाच्या फांद्यांना झालर शोभतेही. कापताना त्रिकोणाचा एखादा कोपरा उडाला तर तो तोतयांच्या ढिगात टाका आणि विचारा, याला आता किती टिकल्या?

नात दीड वर्षाची आहे, म्हणून हे जरा ठामपणे सांगते. मणी, बटणं, चिंचोके, टिकल्या यांचा खेळ ती झोपलेली असतानाच, आणि संपला की जमीन हाताने चाचपून बघा. छोट्या दिव्यांच्या माळा आणि मेणबत्तीसारखे दिवे यांत बटणाएवढे चपटे सेल असतात. ते गिळले तर अन्ननलिका आतून भाजते. असे दिवे घरात आणूच नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट न बघता तडक रुग्णालयात जायचं. झाडाला दिवे हवेतच असतील तर पिवळे गोल कागदी.

नातीलाही सहभागी करायचं असेल तर मोठे, तोंडात न मावणारे पुठ्ठ्याचे आकार द्या. ती ते फेकेल, चावेल, ओढेल. ते तिच्या वयाचं शिकणं आहे.

रविवारी मुलगा-सून घरी असतील तेव्हा पुठ्ठ्यावरून उठून उभ्या झाडाकडे या. हा भाग खास तुमच्यासाठी राखून ठेवला आहे, कारण पत्र्याचं नरसाळं कसं उलगडतं हे तुमच्याइतकं चांगलं घरात कोणालाच माहीत नाही. जेवणाचं ताट हिरव्या कार्डपेपरवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा आणि गोल कापा. मधोमध घडी घालून दोन अर्धगोल करा. एक अर्धगोल गुंडाळून कडेला कड लावा, की शंकू उभा राहतो, म्हणजे झाड. अर्धगोलाचा शंकू पायाशी जितका रुंद तितकीच त्याची तिरकी बाजू लांब, त्यामुळे समोरून तो तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण दिसतो. दुसऱ्या अर्धगोलाचे पुन्हा दोन भाग करून पाव गोल गुंडाळा. तो शंकू पायाशी निम्माच रुंद होतो, पण तिरकी बाजू तेवढीच, म्हणजे तुमचा अशोक. नातवाला हे गणित सांगायचं नाही. गुंडाळण्याआधी त्याला विचारायचं, “या तुकड्यातून काय होईल?” आणि अंदाज करू द्यायचा.

मग शंकू टेबलावर ठेवा. समोरून, डोळ्यांच्या पातळीवर बघायला सांगा. नंतर त्याला उचलून घ्या आणि वरून दाखवा. समोरून त्रिकोण, वरून गोल, झाड तेच. खाली वाकून आत बघितलं तर पोकळ. तळाची कड कागदावर टेकवून पेन्सिलने गिरवली की गोलाचा पुरावाच हातात. आणि हाच शंकू टोक खाली करून धरला की त्याचा आइस्क्रीमचा कोन. या वेळी त्याचं म्हणणं अगदी बरोबर असेल, आणि तुम्ही तसं मोकळेपणाने सांगा. त्याला कागदाचा चपटा त्रिकोण आणि हातात धरता येणारा कोन यांतला फरक जाणवू लागेल. नाव लगेच नाही आलं तरी चालेल.

शाळेत काय पाठवायचं, हे त्याला ठरवू द्या. वारली माणसांचं झाड, पट्ट्यांचं झाड की शंकू. सुनेला वाईट वाटायला नको म्हणून संचातले उरलेले तुकडेही फिरवायच्या ढिगात घ्या, ते वाया जात नाहीत. बाईंसाठी झाडामागे एक कागद चिकटवा आणि करताना तो जे बोलला त्यातलं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा, तारखेसह. वाकड्या कडा कोणी हसण्यावारी नेल्या तर तेच वाक्य बाईंना वाचून दाखवायला सांगा. शंकू न्यायचा ठरला तर शाळेच्या बसमध्ये चेपेल, म्हणून बुटांच्या रिकाम्या खोक्यात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घालून मधे ठेवा आणि झाकणाला दोरी बांधा.